कोणत्या बिंदूभोवती? पान्याच्या भुजेचा इतिहास

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या प्रयोगशाळेत एक निर्वात पात्र नव्याने जोडायचे होते. पात्राच्या तोंडावर पोलादी झाकण ठेवायचे, दोहोंच्या मध्ये तांब्याची सपाट कडी बसवायची आणि कडेचे १६ बोल्ट सारखे आवळायचे, असे ते काम. बोल्ट कमी आवळला तर फटीतून हवा आत शिरते. जास्त आवळला तर आटे जातात. म्हणून किती आवळायचे याचा आकडा माहितीपुस्तिकेत दिलेला असतो. आमच्या झाकणासाठी तो २० न्यूटन-मीटर होता. तो आकडा मोजण्यासाठी टॉर्क रेंच नावाचा खास पाना वापरतात. त्याच्या मुठीवरचा आकडा फिरवून ठेवायचा आणि पाना ओढायचा. ठरलेला जोर पडला की पाना ‘टक्’ असा आवाज करतो, आणि आपण थांबायचे.

१३ बोल्ट व्यवस्थित आवळले गेले. उरलेल्या तीन बोल्टांसमोर पंपाची नळी आडवी येत होती. पाना तिथवर पोचेना. मी वर्कशॉपमधून १० सेंटिमीटर लांबीची एक पोलादी पट्टी करून आणली. तिच्या एका टोकाला बोल्टचे डोके पकडणारे तोंड, तर दुसऱ्या टोकाला पाना बसेल असे चौकोनी भोक. पट्टी पान्याच्या पुढे सरळ रेषेत लावली, आकडा २० वरच ठेवला आणि ओढले. पहिला बोल्ट, टक्. दुसरा बोल्ट, टक्. तिसऱ्याला आवाज आलाच नाही. बोल्ट नुसता फिरत राहिला. आटे गेले होते.

पाना बिघडला असे समजून मी आमच्या मिस्त्रींना बोलावले. त्यांनी पट्टी काढून ठेवली, पाना दुसऱ्या एका बोल्टवर तपासून पाहिला आणि म्हणाले, “पाना बरोबर आहे, साहेब. पट्टीचा हिशेब कोणी धरायचा?”

मी काही वर्षे पदवीच्या विद्यार्थ्यांना घूर्णन गतिशास्त्र शिकवले होते. ‘बल गुणिले लंब अंतर म्हणजे आघूर्ण’ ही व्याख्या फळ्यावर असंख्य वेळा लिहिली होती. तरीही हे अंतर कोठून मोजायचे, हा साधा प्रश्न बोल्टसमोर उभा असताना मला पडला नाही. ते झाकण दुरुस्त होईपर्यंत आठवडा गेला. त्या आठवड्यात मी या प्रश्नाचा इतिहास शोधून वाचला. पट्टीचा हिशेब ज्या कल्पनांवर उभा आहे, त्या स्पष्ट व्हायला माणसाला दोन हजार वर्षे लागली आहेत. विद्यार्थी इथे अडखळतात याचे मग फारसे आश्चर्य वाटत नाही.

काटा मारणारे व्यापारी

तरफेचा उपयोग माणूस फार प्राचीन काळापासून करत आला आहे. पहारीने दगड हलवणाऱ्याला किंवा जात्याचा खुंटा मध्याजवळ न बसवता कडेला बसवणाऱ्याला नियम सांगावा लागत नाही. परंतु ‘असे का होते?’ हा प्रश्न लेखी स्वरूपात विचारलेला दिसतो तो ग्रीक भाषेतल्या ‘यांत्रिक प्रश्न’ नावाच्या एका छोट्या ग्रंथात. तो अॅरिस्टॉटलच्या नावावर आहे. पण तो त्याच्या परंपरेतल्या दुसऱ्या कोणीतरी लिहिला असावा असे बहुतेक अभ्यासक मानतात.

या ग्रंथात तराजूविषयी एक मजेदार नोंद आहे. जांभळा रंग विकणारे व्यापारी तराजूची दोरी दांडीच्या बरोबर मध्यावर न बांधता थोडी बाजूला बांधत आणि गिऱ्हाइकाला फसवत. आपल्याकडे यालाच काटा मारणे म्हणतात. जांभळा रंग त्या काळी अतिशय महाग होता, त्यामुळे थोड्या फरकानेही बराच फायदा होई.

हे उदाहरण जरा थांबून पाहण्यासारखे आहे. अशा तराजूची दांडी अगदी आडवी, म्हणजे समतोल असते. दोन्ही बाजूंची आघूर्णे खरोखरच समान असतात. तराजूने सांगितलेले खोटे नसते. खोटे असते ते आपले गृहीतक, की दोन्ही भुजा समान आहेत. माझ्या पान्याच्या बाबतीत नेमके हेच झाले होते. फरक इतकाच की माझा काटा मीच मारला होता.

तरफेच्या नियमाला भूमितीच्या पद्धतीची सिद्धता दिली ती सिराक्यूज येथील आर्किमिडीजने, इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकात. ‘प्रतलांच्या समतोलाविषयी’ या ग्रंथाच्या पहिल्या भागात, सहाव्या आणि सातव्या विधानांत त्याने दाखवले की, दोन भार टेकूपासून त्यांच्या वजनांच्या व्यस्त प्रमाणातल्या अंतरांवर असले तर समतोल साधतो. शालेय पुस्तकातले ‘बल गुणिले बलभुजा बरोबर भार गुणिले भारभुजा’ हे सूत्र म्हणजे याच विधानाचे आजचे रूप.

पण आर्किमिडीजच्या चित्रात दांडी सरळ आहे, आडवी आहे आणि भार खाली लोंबतात. अंतर कोणते घ्यायचे असा प्रश्नच तिथे येत नाही. दांडीवर मोजले तेच अंतर. खऱ्या यंत्रांत दांड्या वाकड्या असतात आणि बले तिरकी असतात. अडचण तिथून सुरू होते.

वाकडी दांडी

अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने आपल्या ‘यंत्रशास्त्र’ या ग्रंथात वाकड्या दांडीच्या तराजूचा विचार केला आहे. हा ग्रंथ आज संपूर्ण मिळतो तो फक्त अरबी भाषांतरात. नवव्या शतकात कुस्ता इब्न लूका याने ते भाषांतर केले. पुढे युरोपात तेराव्या शतकात जॉर्डानस द नेमोर याच्या नावावर असलेल्या ‘भारांच्या सिद्धांताविषयी’ या लॅटिन ग्रंथात या प्रश्नाचे स्वच्छ उत्तर सापडते. दांडीच्या दोन भुजा असमान आहेत आणि टेकूपाशी त्यांच्यात कोन आहे असे समजा. भुजांची टोके टेकूतून जाणाऱ्या उभ्या रेषेपासून सारख्या अंतरावर असतील, तर त्यांना टांगलेली समान वजने समतोल राखतात. म्हणजे भुजेची स्वतःची लांबी महत्त्वाची नाही. उभ्या रेषेपासूनचे आडवे अंतर महत्त्वाचे.

पंधराव्या शतकाच्या अखेरीस लिओनार्दो दा व्हिंचीने आपल्या टिपणवह्यांत हीच गोष्ट आणखी पुढे नेली. दिसणारी भुजा आणि खरी काम करणारी भुजा असा फरक त्याने केला. टेकूपासून बलाच्या रेषेवर टाकलेला लंब ही त्याच्या मते खरी भुजा. ही भुजा लाकडाची किंवा लोखंडाची नसते, ती मनातल्या मनात काढावी लागते. लिओनार्दोच्या वह्या त्याच्या हयातीत छापल्या गेल्या नाहीत, त्यामुळे हा विचार बराच काळ इतरांपर्यंत पोचला नाही.

आपल्या विद्यार्थ्यांची गफलत बहुधा याच टप्प्यावर होते. वस्तूची लांबी दिसते, लंब अंतर दिसत नाही. मग जे दिसते ते सूत्रात भरले जाते.

बिंदू बदलला की

१६८७ साली न्यूटनचा ‘प्रिन्सिपिया’ प्रसिद्ध झाला हे सर्वांना ठाऊक असते. त्याच वर्षी पॅरिसमध्ये पिएर व्हॅरिन्यों (१६५४–१७२२) याचे ‘नव्या यंत्रशास्त्राची रूपरेषा’ हे पुस्तक निघाले. त्यात बलांची बेरीज आणि आघूर्णे यांचा संबंध त्याने मांडला. अनेक बलांच्या ऐवजी त्यांचे एक फलित बल घेतले, तर कोणत्याही बिंदूभोवती त्या फलित बलाचे आघूर्ण हे सुट्या बलांच्या आघूर्णांच्या बेरजेइतके असते. याविषयीचा त्याचा मोठा ग्रंथ त्याच्या निधनानंतर १७२५ साली प्रसिद्ध झाला.

यातले ‘कोणत्याही बिंदूभोवती’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. आता टेकू हा खास बिंदू राहिला नाही. आपल्याला हवा तो बिंदू घ्यावा आणि त्याच्याभोवती आघूर्ण काढावे. पण याचीच दुसरी बाजू अशी की, बिंदू सांगितल्याशिवाय आघूर्णाच्या आकड्याला अर्थ उरत नाही. बल तेच, बलाची जागा तीच. तरी बिंदू बदलला की आघूर्ण बदलते.

१८०३ साली लुई प्वॅन्सो (१७७७–१८५९) याने ‘स्थितिशास्त्राची मूलतत्त्वे’ या पुस्तकात आणखी एक कल्पना मांडली. समान, समांतर आणि विरुद्ध दिशांची दोन बले एकत्र घेतली तर त्यांचे फलित बल शून्य होते, पण त्यांचा फिरवण्याचा परिणाम शिल्लक राहतो. या जोडीला आपण बलयुग्म म्हणतो. बलयुग्माचे वैशिष्ट्य असे की, त्याचे आघूर्ण कोणत्याही बिंदूभोवती काढले तरी तेच येते. नळाची चावी दोन बोटांनी फिरवताना किंवा इंग्रजी ‘टी’ अक्षरासारख्या मुठीचा पाना दोन्ही हातांनी फिरवताना आपण बलयुग्म लावतो. एका हाताने लांब पाना ओढताना मात्र आपण एकच बल लावतो, आणि त्याचे आघूर्ण बिंदूवर अवलंबून राहते. हा फरक आपल्याला पुढे लागणार आहे.

कारागिराचा हात

हे सगळे कागदावरचे झाले. कारखान्यांत काय चालले होते? १८४१ साली जोसेफ व्हिटवर्थ याने लंडनच्या स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेपुढे स्क्रूच्या आट्यांचे एकसारखे माप सुचवले. १८६४ साली अमेरिकेत विल्यम सेलर्स याने आपली निराळी मापे मांडली. त्यामुळे एका कारखान्यातला नट दुसऱ्या कारखान्यातल्या बोल्टवर बसू लागला. आटे प्रमाणित झाले, पण ते किती आवळायचे हे कारागिराच्या हातावरच राहिले.

तरी त्यात एक शहाणपण होते. पान्यांचा संच उघडून पाहा. लहान नटाचा पाना आखूड आणि मोठ्या नटाचा लांब असतो. हात साधारण सारख्याच जोराने ओढतो. मग लहान बोल्टवर कमी आघूर्ण पडावे आणि मोठ्यावर जास्त, याची सोय पान्याच्या लांबीतच झालेली असते. पान्यात नळी अडकवून बोल्ट आवळायला मुरलेले मिस्त्री मना करतात ते याचसाठी. नळी अडकवली की ही सोय मोडते.

‘टॉर्क’ हा शब्दसुद्धा फार जुना नाही. लॉर्ड केल्व्हिनचे थोरले बंधू जेम्स थॉमसन हे ग्लासगो येथे अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. पिळणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून त्यांनी हा शब्द सुचवला असे मानले जाते. १८८४ साली तो छापील स्वरूपात आला आणि त्याच वर्षी सिल्व्हेनस थॉम्प्सन यांच्या डायनॅमोवरील पुस्तकातही वापरला गेला. विजेची यंत्रे येऊ लागली होती आणि फिरत्या दांड्यावरचा पीळ मोजण्याची गरज रोजची झाली होती. शब्द आला तो या गरजेपोटी.

मोजणारा पाना

टॉर्क रेंचची कल्पना कॉनरॅड बार याच्या नावावर सांगितली जाते. १९१८ साली तो न्यूयॉर्क शहराच्या पाणीपुरवठा खात्यात कामाला होता. जमिनीखालच्या मोठ्या नळांच्या सांध्यांवरचे बोल्ट दुरुस्तीच्या वेळी प्रमाणाबाहेर आवळले जात. त्याला आळा घालण्यासाठी, ठरावीक जोराच्या पुढे जाऊ न देणारा पाना त्याला हवा होता. १९३१ साली शिकागोच्या जॉन शार्प याने आघूर्णाचा आकडा दाखवणाऱ्या पान्याच्या पेटंटची नोंद केली. १९३५ साली बार आणि जॉर्ज फेफर्ले यांनी, हवे ते आघूर्ण आले की आवाज करून सांगणाऱ्या, आकडा बदलता येणाऱ्या पान्याचे पेटंट घेतले. आज गॅरेजात दिसणारा ‘टक्’ करणारा पाना याच घराण्यातला.

दुसरा प्रकार त्याहून साधा आहे. एक लवचीक पोलादी दांडी आणि तिच्या शेजारी डोक्यापासून निघालेला एक सरळ काटा. ओढल्यावर दांडी वाकते, काटा सरळच राहतो आणि मुठीजवळच्या पट्टीवर आकडा दाखवतो. या पान्याची मूठ बऱ्याचदा एका खिळीवर सैल बसवलेली असते. ती सैल का, हे विद्यार्थ्यांना जरूर विचारावे. मूठ घट्ट असती तर हाताने ओढताना मनगटाने थोडा पीळही दिला असता, म्हणजे एका बलाबरोबर एक बलयुग्मही लागले असते. सैल खिळीवर बलयुग्म लावता येत नाही. त्यामुळे बल एकच राहते आणि ते ठरलेल्या जागीच पडते.

‘टक्’ करणाऱ्या पान्यात नळीच्या आत एक दाबलेली स्प्रिंग असते. पान्याच्या डोक्याला मागे शेपटासारखा दांडा असतो आणि स्प्रिंग त्याला जागेवर धरून ठेवते. डोक्यावरचे आघूर्ण ठरलेल्या आकड्याच्या पुढे गेले की दांडा सुटून नळीवर आपटतो. म्हणजे हा पाना मोजतो ते आघूर्ण स्वतःच्या डोक्यापाशी. बोल्ट कोठे आहे याची त्याला कल्पना नसते. डोके थेट बोल्टवर असते तोपर्यंत हे दोन बिंदू एकच असतात, म्हणून आपल्याला त्यांच्यातला फरक जाणवत नाही.

जोड लावल्यावर

आता माझ्या पट्टीकडे वळू. पट्टीमुळे पान्याचे डोके आणि बोल्ट हे दोन वेगळे बिंदू झाले. माझ्या हाताचे बल मात्र एकच. व्हॅरिन्योंच्या रीतीने लिहायचे तर,

बोल्टवरील आघूर्ण = पान्याने मोजलेले आघूर्ण + (हाताचे बल × जोडाची लांबी).

माझ्या पान्याची डोक्यापासून मुठीच्या मध्यापर्यंतची लांबी २० सेंटिमीटर होती. आकडा २० न्यूटन-मीटर, म्हणजे हाताचे बल १०० न्यूटन. पट्टी १० सेंटिमीटरची, म्हणून १०० × ०.१ = १० न्यूटन-मीटर वरचे. बोल्टवर पडले ते ३० न्यूटन-मीटर. हवे होते त्याच्या दीडपट. चांगल्या टॉर्क रेंचकडून साधारण ४ टक्क्यांच्या आतली अचूकता अपेक्षित असते. अशा अचूक उपकरणाने मी ५० टक्क्यांची चूक केली होती.

मग आकडा किती ठेवायला हवा होता? वरच्या समीकरणातून कारखान्यात वापरले जाणारे सूत्र लगेच मिळते:

पान्यावरचा आकडा = हवे असलेले आघूर्ण × पान्याची लांबी ÷ (पान्याची लांबी + जोडाची लांबी).

माझ्यासाठी २० × २० ÷ ३०, म्हणजे सुमारे १३.३. सूत्र सोपे आहे, पण ते तीन अटींवर उभे आहे आणि त्या अटी समजून घेणे सूत्रापेक्षा जास्त महत्त्वाचे आहे.

पहिली अट दिशेची. जोड पान्याच्या सरळ रेषेत पुढे असेल तरच त्याची पूर्ण लांबी मिळवायची. जोड पान्याशी काटकोनात लावला तर तो हाताच्या बलाला समांतर होतो, लंब अंतर वाढत नाही आणि आकडा बदलावा लागत नाही. जोड मागे, मुठीच्या दिशेने वळवला तर लांबी वजा करावी लागते. मधल्या कोनांसाठी जोडाच्या लांबीला कोनाच्या कोसाइनने गुणायचे. वाकड्या दांडीचा तेराव्या शतकातला प्रश्न इथे पुन्हा भेटतो.

दुसरी अट हाताच्या जागेची. जोड नसताना पाना कोठेही धरला तरी डोक्यापाशी आघूर्ण ठरलेलेच पडते; हात जवळ आणला तर जास्त जोर लागतो इतकेच. (प्रत्यक्ष पान्यात आतली खिळी डोक्याच्या केंद्रापासून किंचित मागे असते, त्यामुळे थोडा फरक पडतो. हाही दोन बिंदूंचाच प्रकार. म्हणून मुठीवर धरण्याची जागा दाखवलेली असते.) जोड लावल्यावर मात्र हाताची जागा फार महत्त्वाची ठरते. समजा, पाना ४० सेंटिमीटरचा, जोड १० सेंटिमीटरचा आणि बोल्टवर १०० न्यूटन-मीटर हवे आहेत. सूत्राने आकडा ८० ठेवला. हात ४० सेंटिमीटरवर असेल तर बोल्टवर बरोबर १०० पडतात. हात ३० सेंटिमीटरवर घेतला तर बल सुमारे २६७ न्यूटन लागते आणि बोल्टवर सुमारे १०७ पडतात. मुठीत नळी घालून हात ८० सेंटिमीटरवर नेला तर बल १०० न्यूटन पुरते आणि बोल्टवर ९० पडतात. तिन्ही वेळा पाना ८० लाच ‘टक्’ करतो.

हात असाच दूर दूर नेत गेलो तर काय होईल? बल कमी कमी होत जाईल आणि बोल्टवरचे आघूर्ण ८० च्या जवळ जाईल. दुसऱ्या शब्दांत, एकटे बल जितके लहान आणि दूरचे, तितका त्याचा परिणाम बलयुग्मासारखा. शुद्ध बलयुग्म लावले तर जोडाने काहीच फरक पडणार नाही, कारण बलयुग्माचे आघूर्ण सर्व बिंदूंभोवती सारखेच असते. प्वॅन्सोची कल्पना अशी अगदी हातात येते.

तिसरी गोष्ट एका गैरसमजाविषयीची. खोल खाचेतल्या बोल्टसाठी पान्याच्या डोक्याखाली उभी सळई लावतात. ‘सळई लांब आहे, तिच्यात पीळ खर्च होतो, म्हणून आकडा वाढवा’ असा सल्ला कधी कधी ऐकू येतो. तो बरोबर नाही. सळई बोल्टच्या अक्षावरच असते, त्यामुळे अक्षापासूनचे लंब अंतर बदलत नाही. सळई थोडी पिळवटते हे खरे. पण सावकाश ओढताना ती समतोलात असते, म्हणून वरच्या टोकाला जितके आघूर्ण तितकेच खालच्या टोकाला. हात थोडा जास्त फिरवावा लागतो, आघूर्ण कमी होत नाही. मात्र झटके देणाऱ्या हवेच्या यंत्राने बोल्ट आवळताना परिस्थिती निराळी असते; तिथे समतोल नसतो आणि लांब सळईमुळे परिणाम खरोखर कमी होतो.

हे सगळे सांभाळले तरी एक मर्यादा राहतेच. आपल्याला खरा हवा असतो तो बोल्टमधला ताण, आणि मोजतो ते आघूर्ण. ढोबळ मानाने आघूर्णाचा फक्त दहावा हिस्सा बोल्ट ताणण्यासाठी कामी येतो. बाकीचा डोक्याखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणात जातो. म्हणून कोरड्या आणि तेल लावलेल्या बोल्टसाठी आकडे वेगळे देतात. घर्षणाची अनिश्चितता आधीच इतकी असताना लांबीच्या हिशेबाची चूक तिच्यात भर म्हणून घालणे परवडत नाही.

वर्गात करून पाहण्यासारखे

टॉर्क रेंच शाळेत नसतो. पण त्याच्याशिवाय हा सगळा विषय दाखवता येतो, कारण जोड लावलेला पाना प्रत्येक विद्यार्थ्याच्या खांद्याला लटकलेला आहे. कोपर म्हणजे पान्याचे डोके, कोपरापुढचा हात म्हणजे पाना, दंड म्हणजे जोड आणि खांदा म्हणजे बोल्ट.

एका विद्यार्थ्याला हात समोर आडवा सरळ धरायला सांगावे आणि तळहातावर २ किलोग्रॅम वजनाची पिशवी अडकवावी. पिशवीचे बल सुमारे २० न्यूटन. कोपरापासून तळहात ३५ सेंटिमीटर आणि खांद्यापासून कोपर ३० सेंटिमीटर धरू. कोपराभोवती आघूर्ण ७ न्यूटन-मीटर, खांद्याभोवती १३. काही सेकंदांतच खांदा कुरकुरू लागतो.

आता दंड खाली सरळ सोडून फक्त कोपरापुढचा हात आडवा धरायला सांगावे. कोपराभोवती आघूर्ण पूर्वीइतकेच, ७. पण खांद्याभोवतीही आता ७ च. खांद्याला लगेच आराम वाटतो. पिशवी तीच, हात तोच. जोड काटकोनात आला, एवढेच झाले. विद्यार्थ्यांनी आपापल्या हातांची मापे घेऊन दोन्ही स्थितींतली आघूर्णे काढावीत. हाताचे स्वतःचे वजन आपण सोडून दिले आहे, हेही त्यांच्या लक्षात आणून द्यावे.

वरच्या वर्गांना तराजूचाही प्रश्न देता येईल. असमान भुजांच्या तराजूत एक वस्तू एका पारड्यात ठेवल्यावर ४०० ग्रॅम भरली आणि दुसऱ्या पारड्यात ठेवल्यावर ९०० ग्रॅम. भुजा मोजता येत नसतील तर खरे वजन किती? उत्तर ६५० नाही, ६०० ग्रॅम आहे. दोन आकड्यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ. ते तसे का येते हे विद्यार्थ्यांनी स्वतः आर्किमिडीजच्या नियमावरून शोधावे.

आमच्या प्रयोगशाळेत ती पट्टी अजून आहे. मिस्त्रींनी तिच्यावर छिन्नीने एक ओळ कोरून ठेवली आहे: ‘१० सेंमी, सरळ लावल्यास २० साठी १३’. नवीन विद्यार्थी आला की मी त्याला ती पट्टी दाखवतो आणि १३ कोठून आले ते विचारतो. बहुतेक जण कागद घेऊन सूत्र आठवू लागतात. मग मी त्यांना एवढेच सांगतो की, आधी कागदावर दोन बिंदू काढ आणि पाना कोणत्या बिंदूपाशी मोजतो ते लिही. पुढचा हिशेब त्यांचा तेच करतात.